आमची वाटचाल : ज्वारी, काटा आणि वही

बारावीनंतर परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाला प्रवेश घेतला, तेव्हा आजी म्हणाली, "भाकरी थापायला चार वर्षं लागतेत का माय?" पदवीचं नाव आता सामुदायिक विज्ञान झालंय, पण सेलूच्या आमच्या कारखान्यात येणारे पालक अजून तेच विचारतात.

आम्ही पोषणशास्त्र शिकलो, तसंच वस्त्रशास्त्र, बालविकास, गृहव्यवस्थापन आणि विस्तार शिक्षणही, म्हणजे शिकलेलं गावागावांत लोकांपर्यंत पोचवणं. प्रात्यक्षिकात 'मूठभर', 'चिमूटभर' चालायचं नाही. सगळं काट्यावर तोलायचं आणि वहीत लिहायचं. माझ्या वर्गातली एक मैत्रीण दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे, एक अंगणवाडी पर्यवेक्षिका, एक कृषी विज्ञान केंद्रात. एकीचं कपड्यांचं दुकान छान चाललंय. मी काही वर्षं नोकरी केली आणि 2018 मध्ये घरच्या ओसरीत ज्वारीचा माल्ट, म्हणजे मोड आणून केलेलं पीठ, करायला बसले.

ज्वारी आमच्या रानातलीच, मालदांडी. रात्रभर भिजवायची, ओल्या कापडात मोड आणायचे, कडक वाळवायची, मग कोंब आणि मुळ्या चोळून, पाखडून पूर्ण काढायच्या. हे काम किचकट आहे, पण त्यात सूट नाही. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते ज्या धुरिन नावाच्या विषारी घटकामुळे, तोच ज्वारीच्या कोंबातही असतो. त्यानंतर मंद भाजणं आणि दळण. मोड आले की दाण्यातलं अमायलेज नावाचं एन्झाइम (विकर) स्टार्च तोडतं, म्हणून लापशी पातळ राहूनही तिच्यात पीठ जास्त मावतं. कमी खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मला हीच गोष्ट मोलाची वाटते.

पहिल्याच दिवाळीत घाई नडली. पीठ कोमट असतानाच पाकिटं सील केली. आत वाफ धरली, गाठी झाल्या, काहींना बुरशी आली. दुकानादुकानांत जाऊन सगळा माल परत आणला, पैसे दिले. त्या रात्री खूप रडले. पीठ थंड झाल्याशिवाय पॅकिंग नाही, हे मला वर्गात शिकवलं होतं. तेव्हापासून प्रत्येक घाण्याची नोंद वहीत होते: भिजवल्याची वेळ, भाजणी, थंड झाल्याची वेळ, सही.

अन्न सुरक्षेची नोंदणी झाली. पुढे सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून 35 टक्के अनुदान मिळालं, त्यात गिरणी आणि सीलिंग मशीन आलं.

आज आम्ही सहा जणी आहोत. निवडण-पाखडण जमिनीवर बसून चालायचं, संध्याकाळी कुणाला उठवत नव्हतं. प्रत्येकीच्या कोपराची उंची मोजली आणि ओटा त्याच्या चार बोटं खाली बांधून घेतला. कंबरदुखीच्या सुट्ट्या कमी झाल्या. हेसुद्धा मी गृहव्यवस्थापनातच शिकले.

एका व्यापाऱ्यानं मोठी ऑर्डर देऊ केली होती, पाकिटावर 'शुगर बरी होते' छापायच्या अटीवर. मी नकार दिला. ग्राहकाला काय सांगायचं आणि काय नाही, हाही आमच्या अभ्यासाचाच भाग होता. आमच्या पाकिटावर असा दावा नसतो; घटक, वजन, किंमत आणि तारीख मात्र ठळक मराठीतही असते.

दर गुरुवारी सकाळी आम्ही मोड उघडतो. या शिक्षणाचा विचार करणाऱ्या मुलींनी आई-वडिलांना घेऊन त्या वेळी यावं, काटा आणि वही दोन्ही हाताळायला देऊ.