ज्यांना भेटले नाही, त्या गुरूंविषयी: तुम्ही विचारलेत म्हणून

युकुलेले, म्हणजे गिटारसारखे छोटे चार तारांचे वाद्य, वाजवून झाल्यावर मी अमेरिकन वादक जॉन किंग यांचे नाव घेते, आणि मग कोणीतरी हमखास विचारते, की ज्यांना तुम्ही कधी भेटलाच नाहीत त्यांना गुरू कसे म्हणता, आणि जे गेल्यानंतर तुम्ही त्यांचे नाव ऐकलेत त्यांच्या जाण्याचे दुःख तरी कसले? विचारणाऱ्यांत माझे नातेवाईक आहेत, गाण्याच्या वर्गातल्या मैत्रिणी आहेत, आणि ज्यांच्या मताची मला खरोखर किंमत आहे अशी दोन-चार माणसेही आहेत. आजवर मी काहीतरी जुजबी बोलून विषय बदलत आले. त्यामुळे हा माझा एक हट्ट आहे असा समज झाला आहे, आणि तो मला आता सहन होत नाही.

किंग फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग इथल्या एकर्ड कॉलेजात गिटार शिकवत असत. २००९च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते अचानक गेले. जर्मन संगीतकार बाखची एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली तिसरी पार्टिता, म्हणजे नृत्यांवर बेतलेल्या छोट्या भागांची मालिका, त्यांनी संपूर्ण युकुलेलेवर बसवली आणि १९९८ साली ध्वनिमुद्रित केली. ते ध्वनिमुद्रण मी प्रथम ऐकले आणि त्याच रात्री हे वाजवणारा माणूस कोण याचा शोध घेताना, तो आता नाही, हेही वाचले. म्हणजे माझ्यापुरते ते एकाच रात्रीत आले आणि गेले. दुःख कसले, असे जे विचारतात त्यांना मी एवढेच सांगू शकते, की त्या रात्री जे वाटले त्याला माझ्याजवळ दुसरा शब्द नाही.

त्यांनी मला काय शिकवले, ते मात्र नेमके सांगता येते. युकुलेलेच्या चार तारा, तिसरी तार सा धरली तर, प सा ग ध अशा लागतात, आणि त्यातली चौथी, म्हणजे वाजवणाऱ्याच्या हनुवटीकडची, जिथे कानाला खर्जाची अपेक्षा असते, ती प्रत्यक्षात शेजारच्या दोन्ही तारांपेक्षा उंच असते. मी गिटारवरून आले होते, त्यामुळे मला हा या वाद्याचा दोष वाटत असे. किंग यांनी तोच त्याचा गुण मानला. ग म प ध ही साधी चढती ओळ घ्या. मी ती मोकळ्या ग वरून सुरू करून शेजारच्या पडद्यांवर सरकत वाजवत असे, आणि प्रत्येक नवा स्वर त्याच तारेवरच्या आधीच्या स्वराला गिळून टाकत असे. त्यांच्या पद्धतीने ग मोकळ्या तारेवर घ्यायचाच नाही. तो तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर, म दुसरीच्या पहिल्या पडद्यावर, प मोकळ्या चौथीवर आणि ध मोकळ्या पहिलीवर घ्यायचा. चार स्वर, चार वेगळ्या तारा. डावा हात न उचलता चारही वाजत राहतात आणि घंटांसारखे एकमेकांत मिसळतात. सतराव्या शतकातल्या स्पॅनिश गिटारवादकांना, उदाहरणार्थ गास्पार सान्झ यांना, ही युक्ती माहीत होती. या छोट्या वाद्यावर ती इतक्या निष्ठेने शेवटपर्यंत नेणारे किंग मला माहीत असलेले पहिलेच. पार्टिताच्या आरंभीच्या भागात बाखने एकच स्वर मोकळ्या आणि दाबलेल्या तारेवर आलटून-पालटून घ्यायला लावला आहे. तो भाग किंग यांच्या हातून ऐकताना, मुळात तो याच वाद्यासाठी सुचला असावा, असे मला दर वेळी वाटते.

आता त्या गुरुपौर्णिमेविषयी, कारण तुमच्यापैकी बरेच जण तिथे होते आणि त्यानंतरच हा प्रश्न मला जास्त विचारला जाऊ लागला. वर्गाच्या प्रथेप्रमाणे प्रत्येकाने सादरीकरणाआधी आपल्या गुरूंचे नाव घ्यायचे होते. मी बाईंचे नाव घेतले, कारण गाणे मी त्यांच्याकडेच शिकते, आणि नंतर म्हटले, की युकुलेले मी जॉन किंग यांच्याकडून शिकले. मी वाजवायला सुरुवात करणार तेवढ्यात बाईंनी हात वर करून मला थांबवले. त्या रागावलेल्या नव्हत्या, आवाजही चढलेला नव्हता. त्यांनी शांतपणे विचारले, “त्यांनी तुला कधी ‘हे चुकलं, पुन्हा वाजव’ असं म्हटलंय का?” मी “नाही” म्हटले. “मग ऐकून शिकलीस असं म्हण. गुरूचं नाव घेताना जपून घ्यावं.” सभागृहात कोणी हसले नाही, आणि हसले असते तर कदाचित मला सोपे गेले असते. मी खाली मान घालून, बाई म्हणाल्या तसे, “ऐकून शिकले” असे म्हटले आणि वाजवले. वाजवताना बोटे बरोबर पडत होती, पण त्या दिवशी काय वाजवले ते मला आठवत नाही. समोरच्या रांगेत बसलेल्या एका मुलीने माझ्याकडे बघायचे टाळले, तेवढे आठवते.

घरी आल्यावर मी मनातल्या मनात बाईंना उत्तर दिले आणि बराच काळ ते उत्तर मला अचूक वाटत होते. किंग यांनी आपल्या पुस्तकात कोणता स्वर कोणत्या तारेवर, कितव्या पडद्यावर, हे मांडून ठेवले आहे. त्यांनी सांगितलेली तार सोडून मी सोयीची तार घेतली, की आधीचा स्वर तुटतो आणि कान तक्रार करतो. ते तुटणे म्हणजेच त्यांचे ‘चुकलं’, असे माझे म्हणणे होते. आज मला ते उत्तर अपुरे वाटते. कागद फक्त तीच चूक दाखवतो जी ऐकण्याइतका माझा कान आधीच तयार झाला आहे. बाई मात्र मला ऐकूच येत नसलेली चूक पकडतात, तानपुऱ्याकडे बोट दाखवून थांबतात आणि मला ती ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ देत नाहीत. हे मला किंग यांच्याकडून कधीच मिळाले नाही. त्यांच्यासमोर बसून शिकलेल्या विद्यार्थ्यांना ते मिळाले, आणि त्यांच्या शोकाशी माझी बरोबरी मी कधी सांगितलेली नाही.

पण काहीजण मला समजावण्यासाठी एकलव्याचे नाव काढतात, ते मला मुळीच पटत नाही. एकलव्याचे गुरू हयात होते, त्यांनी त्याला नाकारले होते आणि नंतर अंगठाही मागितला. किंग यांनी कोणाला नाकारले नाही. जे सापडले ते त्यांनी लिहून ठेवले, आणि ते फक्त बोटांपुरते नव्हते. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाईतल्या होनोलुलूला पोहोचलेल्या रेव्हन्सक्रॅग या जहाजातून जे तीन कारागीर उतरले, त्यांच्यापासून या वाद्याचा इतिहास कसा घडला, हे त्यांनी जिम ट्रँक्वाडा यांच्याबरोबर जुनी वर्तमानपत्रे आणि कागदपत्रे चाळून शोधले, आणि सगळे सांगतात म्हणून कोणतीही दंतकथा खरी मानली नाही. त्या शोधावर दोघांनी लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला २०१२ साली. तो त्यांना हातात धरता आला नाही, याचे मला फार वाईट वाटते. आपल्या वाद्याला लोक खेळणे समजतात म्हणून चिडण्यात मी जितकी वर्षे घालवली, तितक्या काळात त्यांनी त्या वाद्याला बाखही दिला आणि इतिहासही दिला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. यापुढेही मी त्यांचे नाव घेईन, आणि गुरू म्हणूनच घेईन. बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर मी पुन्हा “नाही” म्हणेन, कारण ते खरे आहे. या दोन गोष्टी एकमेकींना खोडतात असे तुम्हाला वाटत असेल, तर ते मला मान्य नाही. का मान्य नाही, हे मात्र मला अजून धड सांगता येत नाही.