ते कुठं लिवलं?

"मागच्या बारीला पोराची मांडी टम्म सुजली, दोन रात्री ताप. ते कुठं लिवलं तुमी?"

आज विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, लसीकरणाच्या रांगेत माझ्या पुढच्या आजींनी विचारलं. सिस्टर हसल्या. "पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीनं एवढं होतंयच की, आजी."

आजी हसल्या नाहीत. विड्या वळून पिवळं पडलेलं बोट कार्डावर, दहा आठवड्यांच्या ओळीवर. तारीख होती, सही होती. तापाचं अक्षर नव्हतं.

सिस्टरांचं चुकलं म्हणवत नाही. रांग दारापर्यंत होती, आणि ताप-सूज नेहमीचीच. लशीनंतर झालं म्हणजे लशीमुळंच झालं, असंही नाही. पण नोंदीच नसतील तर ते ठरवायचं कशावरून? १९९९ मध्ये अमेरिकेत बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरची एक लस थांबवली, तेव्हा सुरुवात बाळांच्या आतड्यांच्या त्रासाच्या अवघ्या १५ नोंदींनी झाली होती.

अर्धा तास थांबायचं होतं. आजींनी कार्ड माझ्यापुढं सरकवलं. "तू लिव की गं बाई."

मागच्या बाजूला लिहिलं: डावी मांडी सुजली, ताप दोन रात्री. आजींनी कार्ड नीट घडी करून कनवटीला लावलं.

ते आता वाचणार कोण?