सांगायचे नसलेले आठवडे

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत सुनेला दिवस गेले, तरी तिसरा महिना सरेपर्यंत ती बातमी उंबरठ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, असा रिवाज आहे. नजर लागते, हे त्याचे उघड कारण. काही विपरीत झाल्यास चार बायकांना उत्तरे देत बसावे लागू नये, हे न बोललेले. दुसरे कारण मला पटते, कारण बहुतेक गर्भपात याच काळात होतात आणि त्यांतले बरेचसे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होत असूनही बोल लागतो तो पाण्याची गुंडी उचलणाऱ्या सुनेलाच.

हे मौन पाळणे मात्र सोपे नसते. पाळी चुकते तेव्हा चार आठवडे मोजून झालेले असतात, कारण डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून हिशेब धरतात. ("मंग पयले दोन हप्ते लेकरू होतं कुटी?" हा एका सासूबाईंचा प्रश्न अगदी वाजवी होता.) सहाव्या आठवड्याच्या सुमारास मळमळ सुरू होते, चुलीवर मिरचीची फोडणी पडताच सून पदर तोंडाला लावून परसाकडे धावते, वावरात दोन ओळी निंदून होत नाहीत तोच तिचे डोळे मिटू लागतात, आणि लघवीसाठी वारंवार उठावे लागते ते वेगळेच. धुऱ्यावरच्या बायका हे सारे पाहतात, मनात महिने मोजतात आणि काहीच न दिसल्यासारखे तुरीबद्दल बोलत राहतात.

माझी तक्रार एवढीच की, या मौनातून आशाताईलाही वगळले जात नाही. तिच्याजवळच्या 'निश्चय' किटवर सकाळच्या लघवीच्या थेंबांनी दोन रेघा उमटतात, तेव्हा घाई करण्यासारखे पुष्कळ असते. ज्या नलिकेपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती सहाव्या आठवड्याच्या आसपास मिटते. ती नीट मिटावी म्हणून रोजची 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी खरे तर गर्भ राहण्यापूर्वीपासून हवी, आणि आपण तिसऱ्या महिन्याची वाट पाहत असतो. कपाशीवरच्या फवारणीपासून दूर राहणे आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडणे हेही याच आठवड्यांतले. पोटात एका बाजूला तीव्र कळ आली किंवा रक्तस्राव होऊ लागला, तर रिवाज बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा.

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी, असे आरोग्य केंद्रात सांगतात. आपल्या विदर्भात त्यामागे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेही कारण आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून सून वाहक निघाली की नवऱ्याचेही रक्त तपासावे लागते. बहुतेक घरांत खरी अडचण इथेच येते, "मले काय झालं?" असे म्हणून तो वावराकडे निघतो, आणि त्याला परत बोलावण्याचे काम सासूबाईंनाच करावे लागते.