लोटस जाड झाली त्याची गोष्ट

गाड्यांच्या दुनियेत लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीच्या चाहत्यांइतकी चिडकी जमात दुसरी नसेल, आणि मी पण त्यातलाच, म्हणजे गाडी माझ्याकडे नाही, या जन्मात येईल असंही दिसत नाही, पण व्हिडिओ बघून बघून कंपनीचं कुठं चुकतंय हे सांगायचा हक्क मी कधीच घेऊन टाकलाय. लग्नात एक रुपया न काढता मानपानावरून रुसून बसणारे काका असतात ना, तसंच आमचं.

सध्याचा रुसवा एलेट्रेवर आहे. इलेक्ट्रिक एसयूव्ही, 2022 मध्ये दाखवली, बनते चीनमध्ये वुहानला, वजन जवळपास अडीच टन. 2023 च्या शेवटी भारतातही आणली, किंमत अडीच कोटींच्या वर, ते जाऊ द्या. राग येतो तो वजनाचा. कॉलिन चॅपमन नावाच्या ज्या माणसाने ही कंपनी काढली त्याचा सगळा जीव किलो कमी करण्यात होता, जोर वाढवायचाय तर इंजिन मोठं कशाला, गाडीच हलकी करा की! 1996 ची पहिली एलीज घ्या, लोटसची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, सव्वासातशे किलोच्या आसपास, इंजिन रोव्हरचं साधं 1.8 लिटरचं. अशा तीन एलीज एका पारड्यात घातल्या तरी एलेट्रेचं पारडं खालीच.

आणि त्या एलीजमध्ये बसायचं म्हणजे पण एक कसरतच. दाराखाली अॅल्युमिनियमचा हा एवढा रुंद कठडा, तो ओलांडून आधी बूड आत टाकायचं, मग एकेक पाय ओढून घ्यायचा, भारी कपडे घातले असतील तर विसराच. आत बघावं तर जिकडेतिकडे उघडा धातू. चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या वेल्डिंग न करता चक्क इपॉक्सी गोंदाने चिकटवलेल्या, म्हणून पट्ट्या पातळ ठेवता आल्या आणि अख्खी चॅसी साधारण 68 किलोत बसली. म्हणजे मध्यम बांध्याचा एक माणूस!

पण आम्ही शुद्धतेच्या गप्पा मारतो तेव्हा एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. खुद्द चॅपमननेच 1973 मध्ये सेव्हन नावाच्या आपल्या उघड्याबोडक्या, हलक्या गाडीचे हक्क कॅटरहॅम नावाच्या कंपनीला देऊन टाकले आणि पुढच्याच वर्षी चार सीटची, महागडी, ऐसपैस एलीट काढली, कारण त्यालाही श्रीमंत गिऱ्हाईक हवं होतं. 1989 ला लोटसची एलान आली ती फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या चाकांना, वर इंजिन इसुझूचं, तेव्हाही लोक खवळले, आणि आज त्याच एलानच्या हँडलिंगचं कौतुक करताना थकत नाहीत. एलीज 2021 ला बंद झाली तेव्हा जे रडले त्यातल्या कितीजणांनी शोरूममधून नवी कोरी घेतली होती हे विचारू नका, भांडण होईल.

पॉर्शेने 2002 मध्ये कायेन ही एसयूव्ही आणली तेव्हा पण असाच गहजब झाला होता. पुढे त्याच कायेनने गल्ला भरला आणि पॉर्शेची 911 ही स्पोर्ट्स कार आजही मजेत आहे. 2017 ला चीनच्या जीलीने लोटसचे 51 टक्के घेतले तेव्हा मला वाटलं, चला, इथंही तसंच होईल, जाड्या भावाच्या कमाईवर बारका जगेल. पण 2025 मध्ये ब्रिटनमधल्या साडेपाचशेपर्यंत नोकऱ्या जाणार असं कंपनीनेच जाहीर केलं, आणि पेट्रोलवर चालणारी लोटसची स्पोर्ट्स कार एमिरा तर तिथंच, नॉरफोकातल्या हेथेलला बनते. म्हणजे रुसलेल्यांचं पण अगदीच काही चुकत नाही.

माझं म्हणणं एवढंच की एसयूव्ही काढा, इलेक्ट्रिक काढा, वुहानला काढा नाहीतर वडगावला काढा, पण काढताना बाकीच्यांपेक्षा पाच-सहाशे किलोने हलकी काढा ना राव! असली एसयूव्ही बघायला सगळ्यात आधी आम्ही रुसलेलेच धावलो असतो. घेतली नसती, ते सोडा.