आजींची रात्रीची अठ्ठावीस पावलं

आमच्या घराचा पहिला नकाशा धाकट्याच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर काढलेला. जुन्या चार खोल्या, बाजूला नव्या तीन, त्यावर प्रत्येकाची नावं. माणसं नऊ, पिढ्या चार. दीर आणि नवरा रात्री जेवणं झाली की तो कागद घेऊन बसायचे आणि कोणाला किती खोल्या यावर घासाघीस चालायची.

मी त्या दिवसांत आजेसासूबाईंच्या खोलीत झोपत होते. त्यामुळे कागदावर नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. आजी रात्री दोनदा उठतात. पलंगापासून न्हाणीपर्यंत त्यांची अठ्ठावीस पावलं होतात. वाटेत दोन उंबरे, एक पायरी. आणि दिव्याचं बटण दुसऱ्या उंबऱ्याच्या पलीकडे! म्हणजे अडखळायचं ते अंधारात, उजेड नंतर.

"खोल्यांचं नंतर बघू, आधी ही पावलं कमी करा," असं म्हटलं तर दीर हसले. सासरे, म्हणजे अण्णा, हसले नाहीत. ते उठून भिंतीला हात लावत तेवढं अंतर चालून आले आणि म्हणाले, "एकोणतीस."

काम मात्र न्हाणीपासून सुरू झालं नाही, तड्यापासून झालं. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तिरका तडा होता. मिस्त्री म्हणाला, भरून टाकतो, दिसणारसुद्धा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंनी त्याला थांबवलं. तड्यावर दोन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या, पेन्सिलीने तारीख लिहिली आणि सांगितलं, चार महिने कुणी हात लावायचा नाही; काच फुटली तर भिंत अजून हलतेय. त्या चार महिन्यांत घरात एवढी भांडणं झाली की काच त्यानेच फुटेल असं वाटायचं. मुलं रोज सकाळी बघून यायची. काच फुटली नाही. तडा जुना होता, थांबलेला होता.

ओलीचं प्रकरण त्याहून किचकट निघालं. जुन्या भिंती दगडाच्या, चुन्यातल्या, 45 सेंटीमीटर जाड. कधी काळी कुणीतरी आतून सिमेंटचं प्लास्टर केलं होतं, तेव्हापासून खालच्या हातभर भागाला लोणा लागत होता. दर दोन वर्षांनी रंग काढायचा, दर दोन वर्षांनी पोपडे. आम्ही रंगाला नावं ठेवत होतो, दोष सिमेंटचा होता. जमिनीतली ओल भिंतीत वर चढतच असते; चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून धरतं. सगळं सिमेंट खरवडून पुन्हा चुना केला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत कठीण होतो, घाई केलेली त्याला चालत नाही. गिलावा करणारा म्हातारा गवंडीही तसाच. तो आला की मगच काम, आणि त्याच्या वेगाने.

नवं बांधकाम जुन्याला चिकटून घ्यायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. कंत्राटदाराला जुन्या भिंतीत खाचा मारून नवी भिंत तिच्यात गुंतवायची होती. बाई नाही म्हणाल्या. जुनं घर बसायचं तेवढं बसलंय, नवं अजून बसणार आहे. बांधून टाकलंत तर दुसऱ्या पावसात सांध्यावर तडा. म्हणून दोन्हींमध्ये 25 मिलिमीटरची फट ठेवली. आत दबणारा बोर्ड, तोंडाला सीलंट, वरून धातूची पट्टी. यात कुणाला एकत्र कुटुंबाचं रूपक दिसत असेल तर खुशाल दिसो (नवऱ्याला दिसलंच, त्याने ते तीन पाहुण्यांना ऐकवलं). मला त्या फटीत फक्त पाणी कुठून शिरेल तेवढं दिसत होतं.

जोतं जमिनीपासून 45 सेंटीमीटर वर. उताराचा नियम बाराला एक, म्हणजे रॅम्प 5.4 मीटर लांब, शिवाय वळणावर दीड मीटरची सपाट जागा. त्यात अण्णांच्या फुलझाडांचा अख्खा वाफा जाणार होता. "मला काय व्हीलचेअर लागणार आहे?" अण्णा म्हणाले. मी म्हटलं, मुलांच्या सायकलींसाठी करू या. हे खोटं होतं आणि त्यांना कळलं होतं, पण त्या खोट्यावर दोघांचं भागलं. वाफा कुंड्यांमध्ये गेला.

आजींची न्हाणी आता त्यांच्या खोलीला लागूनच आहे. दार 90 सेंटीमीटरचं आणि बाहेर उघडणारं, कारण कुणी आत पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसामुळे अडतं. धरायचे दांडे कुठे येणार हे टाइल्स लावण्याआधी ठरवावं लागतं. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साध्या स्क्रूवर सगळं वजन तोलत नाही, म्हणून तेवढा भाग भरीव विटांचा केला. पाणी तुंबवून बघण्याची चाचणी मिस्त्रीने एका रात्रीत उरकायला काढली होती. मी 48 तासांवर अडून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या भिंतीवर पाइपापाशी ताटाएवढा ओला डाग उमटला. मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण नंतर प्रत्येक गोष्ट मला विचारून करू लागला.

दिव्यांवर वाद नको म्हणून मी इंजिनिअर बाईंनाच बोलायला लावलं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो, हे ऐकल्यावर अण्णांनी स्वतःच्या खोलीतही एक जादा दिवा मागून घेतला. आजींच्या वाटेवर जमिनीलगत दिवे आहेत, पाय खाली टेकला की लागणारे. आता पावलं सात.

एका मुद्द्यावर मात्र मी हरले. नव्या बाजूला दुसरा ओटा असावा असं मला आणि जाऊबाईंना वाटत होतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे वेगळं व्हायचंय." पुढे कुणी बोललं नाही. आम्ही गुपचूप पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन तेवढी टाकून घेतली, तोंडांना बूच मारलं आणि पुढे कपाट उभं केलं.

राहायला येऊन आठ महिने झाले. गेल्या रविवारी सासूबाई त्या कपाटापाशी येऊन उभ्या राहिल्या. "हे सरकवून इथे एक ओटा टाका गं. छोटाच. तुमच्या गलबल्यात मला काही सुचत नाही."

मी काही न बोलता टेप आणली. आमचा ओटा 85 सेंटीमीटरचा आहे, जाऊबाईंच्या उंचीने केलेला. सासूबाईंना सरळ उभं करून कोपरापर्यंत मोजलं, त्यातून हातभर नाही, वीतभरही नाही, 13 सेंटीमीटर वजा केले. 78 आले. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत.