घरच्या लॅपटॉपवर दहा हजार तारे आणि मधोमध एक कृष्णविवर : माझा अनुभव

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं आहे. असं विवर हळूहळू वाढलं, तर भोवतीच्या ताऱ्यांची घनता केंद्राकडे किती तीव्रतेने चढते, हे भुसावळला घरीच संगणकावर नक्कल (सिम्युलेशन) चालवून बघितलं. कोड लिहिणं सोपं. आलेल्या आलेखावर कितपत विश्वास ठेवायचा, हे ठरवण्यातच खरी मेहनत आहे.

सुरुवात प्लमरच्या गोलापासून केली, म्हणजे मधे सपाट गाभा आणि बाहेर विरळ होत जाणारा ताऱ्यांचा ठरावीक सूत्राचा गुच्छ. गुरुत्वस्थिरांक आणि एकूण वस्तुमान दोन्ही १ धरा, मापन-त्रिज्या (गाभा किती पसरलेला हे ठरवणारं अंतर) ०.५८९. पुढची अंतरं आणि काळही याच एककांत. प्रत्येक ताऱ्यासाठी शून्य ते एकमधला यादृच्छिक आकडा घ्या, त्याचा उणे दोन-तृतीयांश घात काढा, त्यातून १ वजा करा, वर्गमूळ घ्या आणि मापन-त्रिज्येला त्याने भागा. झालं ताऱ्याचं अंतर. वेग घातल्यावर गतिज ऊर्जा ०.२५ आणि स्थितिज ऊर्जा उणे ०.५ यांच्या अगदी जवळ यायलाच हवी. नाही आली तर पुढे जाऊ नका. वस्तुमानकेंद्राचं स्थान आणि वेगही शून्यावर आणा, नाहीतर सगळा गुच्छच सरकत राहतो.

१०,००० ताऱ्यांच्या जोड्या जवळपास ५ कोटी होतात. पायथनमध्ये सगळी अंतरं एकदम काढायला गेलात तर एकेक तक्ता ८० कोटी बाइटचा, आणि असे किमान चार लागतात. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप तिथेच गुडघे टेकतो. जोड्यांचा हिशेब सी भाषेत लिहून सगळ्या कोअरवर वाटला की रात्रभरात काम होतं. रात्रच बरी, कारण मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि दुपारी प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. लाईट जाण्याची सोयही करावी लागते : दर काही पावलांनी स्थिती आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा आणि मगच तिचं नाव बदला. थेट जुन्या फाइलवर लिहिताना मशीन बंद पडलं, तर जुनंही जातं आणि नवंही.

तारे पुढे सरकवायला लीपफ्रॉग पद्धत वापरली, म्हणजे स्थान आणि वेग आळीपाळीने पुढे नेणं. सॉफ्टनिंग (फार जवळ आलेल्या ताऱ्यांची ओढ बेसुमार वाढू नये म्हणून ती मुद्दाम सौम्य करणारं अंतर) ०.०१, काळाचं पाऊल ०.०००५.

आता विवराचं वस्तुमान. पहिल्यांदा सगळ्यांच्याच मनात एकूण वस्तुमानाचा शंभरावा भाग येतो. हिशेब करून बघा : केंद्रातल्या वेगाच्या विखुरणीचा (ताऱ्यांचे वेग सरासरीपासून किती पसरलेत त्याचा) वर्ग ०.२८, म्हणून विवराच्या प्रभावाची त्रिज्या, म्हणजे जिथवर त्याची ओढ वरचढ असते ते अंतर, जेमतेम ०.०३५, आणि तेवढ्यात सुरुवातीला तारे किती? दोन! त्यावरून घनतेचा उतार काढणं व्यर्थ आहे. वस्तुमान ०.१ घेतलं की त्रिज्या ०.३५ होते आणि आत साधारण १,३५० तारे येतात. हे प्रमाण प्रत्यक्ष दीर्घिकांपेक्षा खूप मोठं आहे, हे मान्य. पण निदान मोजायला काही मिळतं.

विवर एकदम ठेवू नका. तसं केलं तर तारे आत कोसळून पुन्हा बाहेर फेकले जातात आणि उतार सौम्य येतो. मी वस्तुमान शून्यापासून ३० कालएककांत चढवलं. या काळात एकूण ऊर्जा बदलतच राहते, कारण वस्तुमान आपण बाहेरून घालतोय. ऊर्जेची तपासणी वाढ थांबल्यावरची.

घनता मोजताना केंद्र म्हणजे विवराची जागा; गुच्छाचं वस्तुमानकेंद्र नव्हे. ताऱ्यांच्या ओढाताणीत विवर साधारण ०.०२ इतकं इकडेतिकडे डुलतं, म्हणजे सॉफ्टनिंगच्या दुप्पट. चुकीचं केंद्र धरलं की टोक बोथट दिसतं. ०.०३ च्या आतले बिंदू मी सरळ वगळतो, तिथे सॉफ्टनिंगचंच राज्य असतं.

सपाट गाभ्यात सावकाश वाढलेल्या विवराभोवती घनता अंतराच्या उणे ३/२ घाताने जायला हवी. बहकॉल आणि वुल्फ यांनी १९७६ मध्ये काढलेला उणे ७/४ हा घात मात्र ताऱ्यांच्या परस्पर ओढीतून, बऱ्याच उशिरा येतो. दोन्हींत फरक फक्त ०.२५ चा. घनता मोजायला केलेल्या अंतराच्या एका कप्प्यात २५ तारे असतील तर चूकच २० टक्के, तेव्हा एका क्षणाच्या चित्रावरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. सुमारे ३ एककांच्या अंतराने घेतलेल्या अनेक चित्रांची सरासरी काढा. आणि ७/४ च बघायचा असेल तर हा कोड पुरत नाही : अर्ध्या वस्तुमानाच्या त्रिज्येपाशी (जिच्या आत गुच्छाचं अर्धं वस्तुमान असतं) शिथिलनाला, म्हणजे परस्पर ओढीने ताऱ्यांच्या कक्षा पुरत्या बदलायला, १३० च्या आसपास कालएककं लागतात, शिवाय सॉफ्टनिंग जवळच्या भेटीच बोथट करतं. तिथे सॉफ्टनिंग काढून प्रत्येक ताऱ्याला त्याचं वेगळं पाऊल द्यावं लागतं.