व्हिक्टरी रिव्हॉल्व्हर अपडेट: चेंबरचा निकाल लागला

माझ्या स्मिथ अँड वेसन व्हिक्टरीचं (दुसऱ्या महायुद्धातलं रिव्हॉल्व्हर) चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ते भोक, मूळचं आहे की नंतर बदललेलं, हे मी तपासत होतो. बऱ्याच जणांनी विचारलं की बॅरलवर (नळीवर) .३८ एस अँड डब्ल्यू हे काडतुसाचं नाव कोरलंय ना, मग अजून मोजत काय बसलाय. अहो पण बॅरल फक्त एवढंच सांगतं की स्मिथ अँड वेसनच्या फॅक्टरीतून निघताना ते काय होतं. लेंड-लीजमध्ये (अमेरिकेची मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री द्यायची योजना) ही पाच इंची रिव्हॉल्व्हरं ब्रिटिशांकडे गेली, त्यांचं ते २०० ग्रेनवालं (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) काडतूस म्हणजे पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) .३८ एस अँड डब्ल्यूचीच, आणि युद्धानंतर बाजारात आली तेव्हा कितीतरी पिसेसची चेंबर्स आत खोल करून .३८ स्पेशल (जास्त लांब पुंगळीचं काडतूस) बसेल अशी करून टाकली, बॅरलवरचे शिक्के मात्र जसेच्या तसे. स्पेशलची पुंगळी व्यासाने .३७९ इंच आणि एस अँड डब्ल्यूची .३८६, त्यामुळे अशा चेंबरमध्ये स्पेशल उडवली की पुंगळी मागच्या बाजूला फुगते, कधी उभी फाटते. मला हे काम अजिबात आवडत नाही, चांगल्या वस्तूची वाट लावलीये लोकांनी.

माझ्या पीसवर ब्रिटिश प्रूफ मार्क (दाबाची चाचणी पास झाल्याचे शिक्के) आहेत, .३८, .७६७ इंच आणि साडेतीन टन. ते .७६७ म्हणजे पुंगळीची लांबी, म्हणजे प्रूफच्या वेळी तरी चेंबर मूळचं होतं, पण नंतर कोणी रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवला असेल तर शिक्क्यावरून कसं कळणार? म्हणून सेरोसेफ (कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू) ओतून सगळ्या चेंबर्सचं कास्टिंग घेतलं. हे आधी आकसतं आणि तासाभराने खऱ्या मापावर येतं, घाईत मोजू नका प्लीज. सहाही चेंबर्समध्ये पायरी (चेंबर अरुंद होतं ती कड) एस अँड डब्ल्यूच्या आखूड पुंगळीच्याच जागी निघाली, पुढे खोल केल्याची खूण कुठेच नाही, म्हणजे ओरिजिनल!! खूप भारी वाटलं.

बोर (नळीचा आतला व्यास) मात्र बाकी आहे, स्मिथच्या बॅरलला पाच ग्रूव्ह (आतल्या पिळदार खाचा) असतात, त्या समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे साध्या कॅलिपरने स्लग (नळीतून ठोकून काढलेला शिशाचा तुकडा) नीट मोजता येत नाही, व्ही-ॲन्व्हिल मायक्रोमीटर मागवलाय. .३६१ च्या आसपास यायला हवं.

शेजारी ठेवून बघायला एक .३८० मार्क २झेड (ब्रिटिशांचं याच मापाचं लष्करी) काडतूस मिळालं, बुडावर केएफ, म्हणजे आपल्या पुण्याच्या खडकीचं! ते उडवणार नाही, संग्रहातच राहील.

आता गनस्मिथकडून टायमिंग आणि लॉकअप (चेंबर बॅरलसमोर नेमकं येतं आणि घट्ट थांबतं का) तपासून घेतो, मग साधी १४६ ग्रेनची फॅक्टरी .३८ एस अँड डब्ल्यू. साइट्स २०० ग्रेनसाठी फिक्स असल्याने या हलक्या गोळ्या खाली लागतील, किती खाली ते पुढच्या अपडेटमध्ये टार्गेटच्या फोटोसकट टाकतो.